मेकर कोण, चेकर कोण?

बँकेत काम करणाऱ्याला हे सांगायला नको. एन्ट्री एकाने मारायची, पास दुसऱ्याने करायची. बॉस कितीही घाईत असो, दोन पासवर्ड एका खिशात जात नाहीत. मेकर-चेकर!

मी रोज कॉटन ग्रीनला उतरते. एका बाजूला गोदामं आणि ट्रक, दुसऱ्या बाजूला काळाचौकी. महापालिकेचा एफ दक्षिण वॉर्ड. इथे गटार खोदलं की मला एकच प्रश्न पडतो, बिल पास कोण करतं?

कागदावर उत्तर झकास आहे. १८८८ च्या कायद्यात पालिका चालवतात आयुक्त, मोठ्या खर्चाला मंजुरी देते स्थायी समिती, आणि हिशेब तपासणारा मुख्य लेखापरीक्षक आपला अहवाल या समितीला देतो. इंग्रजांच्या काळातला मेकर-चेकरच म्हणा ना.

पण नगरसेवकांची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली, निवडणूक लांबली आणि आयुक्तच प्रशासक झाले. म्हणजे प्रस्तावही त्यांचा, मंजुरीही त्यांचीच. हे चाललं जवळजवळ चार वर्षं! आपल्या ऑफिसात चार दिवस चाललं असतं का?

मात्र नगरसेवक असताना सगळं आलबेल होतं, असंही नाही हं. 'कॅग'ने २८ नोव्हेंबर २०१९ ते ३१ ऑक्टोबर २०२२ या काळातल्या सुमारे १२ हजार कोटींच्या कामांची तपासणी केली. अहवाल मार्च २०२३ मध्ये विधानसभेत आला. २१४.४८ कोटींची २० कामं निविदा न मागवता दिलेली. ४,७५५.९४ कोटींच्या ६४ कामांत कंत्राटदाराशी करारच नाही. करार नाही, तर काम फसल्यावर कोणत्या कलमाने धरणार? १३ कामांवर, ३,३५५.५७ कोटींच्या, त्रयस्थ तपासनीसच नेमलेला नव्हता. आणि यातला बराचसा काळ स्थायी समिती जागेवर होती. चेकर खुर्चीत असणं वेगळं, त्याने फाइल उघडणं वेगळं.

१५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं, २२७ नगरसेवक परत आले. तुमच्या गल्लीत खोदकाम सुरू झालं, तर दोनच गोष्टी विचारा. करार कुठल्या तारखेचा? मोजमाप कोणी तपासलं? माहिती अधिकाराच्या अर्जाला लागतात दहा रुपये, आणि उत्तराची मुदत तीस दिवस.