बाकू रद्द, काश्मीर पुढे ढकललं

पावसाळ्यात दादर-परळच्या माणसाला घरातून निघताना एक प्रश्न विचारायची सवय असते: "हिंदमाताला पाणी भरलंय का?" उत्तर 'हो' आलं की तो बेत बदलतो. टॅक्सीवाला दुसऱ्या रस्त्याने वळतो, लग्नाच्या साड्या घ्यायला निघालेलं कुटुंब खरेदी उद्यावर ढकलतं. यात कुणाचा कुणावर राग नसतो. पाणी ओसरलं की डॉ. आंबेडकर रोडवरच्या कापडाच्या दुकानांत पुन्हा तीच गर्दी.

आता समजा पाणी अजिबात भरलेलं नाही, पण तिथल्या एका दुकानदाराशी आपलं कडाक्याचं भांडण झालंय आणि म्हणून आपण हिंदमाताला जायचंच बंद केलं. तर ती वेगळी गोष्ट झाली. आणि त्या बाजारातले कामगारच म्हणाले, "आमचं मालकाशी चाललंय, तोवर इथे खरेदी करू नका," आणि आपण त्यांचं ऐकलं, तर ती तिसरी. देशोदेशीच्या सहलींबद्दल बोलताना या तिन्ही गोष्टी 'तिथलं राजकारण' या एकाच पोतडीत कोंबल्या जातात. मग घरोघरी वाद होतो, आणि त्यात कोण कशाबद्दल बोलतंय तेच कळेनासं होतं.

असा वाद मराठी घरांनी 2025 च्या मे महिन्यात भरपूर घातला. 22 एप्रिलला पहलगामजवळच्या बैसरनमध्ये दहशतवादी हल्ल्यात 26 माणसं मारली गेली. त्यांतले सहा जण महाराष्ट्राचे होते. डोंबिवली, पुणे, पनवेल ही त्यांची गावं. म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीत बायकामुलांना घेऊन काश्मीर बघायला जाणारी, आपल्याच मजल्यावर राहणारी माणसं. 7 मे रोजी पाकिस्तानविरुद्ध भारताचं ऑपरेशन सिंदूर सुरू झालं, 10 मे रोजी गोळीबार थांबला, आणि त्या चार दिवसांत तुर्कस्तान आणि अझरबैजान हे दोन देश उघडपणे पाकिस्तानच्या बाजूने बोलले. 2023 च्या फेब्रुवारीत तुर्कस्तानात भूकंप झाला तेव्हा भारताने 'ऑपरेशन दोस्त' म्हणून मदतपथकं पाठवली होती. त्याची परतफेड ही अशी, या भावनेने लोक जास्तच चिडले.

मग रद्द करण्याची लाट आली. 14 मे रोजी मेकमायट्रिपने सांगितलं की आठवड्याभरात या दोन देशांची बुकिंग 60 टक्क्यांनी घटली आणि रद्द करण्याचं प्रमाण 250 टक्क्यांनी वाढलं. पुण्याच्या मार्केट यार्डातल्या फळांच्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदं मागवणं थांबवलं. दुसऱ्याच दिवशी केंद्र सरकारने चेलेबी या तुर्की कंपनीची सुरक्षा परवानगी काढून घेतली. मुंबई विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याचं मोठं काम तिच्याकडे होतं.

यातला सफरचंदाचा निर्णय सोपा होता. सफरचंद तुर्कस्तानचं नसलं तर हिमाचलचं किंवा इराणचं घ्यायचं. सहलीचं तसं नसतं. मे महिन्याच्या ग्रुप टूरचे पैसे मराठी घरं दिवाळीच्या आगेमागेच भरायला लागतात. विमानाचं तिकीट, हॉटेलची आगाऊ रक्कम, व्हिसाची फी असं एकेक जातं, आणि व्हिसाची फी तर कुणीच परत करत नाही. निघायला आठ दिवस असताना सहल रद्द केली की पहिला फटका इस्तंबूलच्या कुणाला बसण्याआधी दादर-माहीमच्या टूर कंपनीला आणि पैसे भरलेल्या कुटुंबाला बसतो. नेहमीच्या प्रवास विम्यात आजारपण, अपघात असली कारणं असतात. 'मन उठलं' हे कारण त्यात बसत नाही.

आता थोडा हिशेब. 2024 साली तुर्कस्तानात सुमारे 3 लाख 30 हजार भारतीय गेले. आकडा मोठा वाटतो, पण त्या वर्षी त्या देशात आलेले परदेशी पाहुणे पाच कोटींहून जास्त होते. म्हणजे शंभरात एकसुद्धा भारतीय नाही. अझरबैजानची गोष्ट निराळी. तिथे त्याच वर्षी साधारण 26 लाख परदेशी आले आणि त्यांत जवळपास 2 लाख 43 हजार भारतीय होते. जवळजवळ अकरा जणांमागे एक आपला. एकाच रागाने रद्द केलेल्या दोन सहली, पण एक अंकाराला जाणवणारही नाही आणि दुसरी बाकूच्या हॉटेलवाल्याच्या वहीत लगेच दिसेल. त्या वहीवाल्याने इस्लामाबादला पाठिंबा दिला होता का, हा प्रश्न त्या गदारोळात फारसा कुणी विचारला नाही. राग आला होता आणि तो रास्त होता. फक्त तो कुणाच्या खिशापर्यंत पोचतो, हे बघायला कुणी थांबलं नाही.

त्याआधी साधारण सव्वा वर्ष मालदीवचं प्रकरण झालं होतं, आणि ते जास्त बोलकं आहे. 2024 च्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पंतप्रधान मोदींनी लक्षद्वीपचे फोटो टाकले. त्यावर मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी हिणकस शेरे मारले. 7 जानेवारीला त्यांना निलंबित करण्यात आलं, पण तोवर इकडे बहिष्काराची हाक उठली होती. ईझमायट्रिप या कंपनीने मालदीवच्या विमानांचं बुकिंगच बंद केलं. भारत सरकारने मात्र कुणाला जाऊ नका असं सांगितलं नव्हतं. 2023 साली मालदीवला सर्वांत जास्त पर्यटक भारतातून गेले होते, 2 लाख 9 हजार. 2024 मध्ये ती संख्या सुमारे 1 लाख 30 हजारांवर आली.

पुढे काय झालं? 2024 च्या ऑगस्टमध्ये मालदीवचं पर्यटन खातं मुंबईत रोड शो घेऊन भारतीयांना आग्रहाचं आमंत्रण देत होतं. 'भारतीय सैनिक परत पाठवू' म्हणत निवडून आलेले अध्यक्ष मुइझ्झू त्याच वर्षी जूनमध्ये दिल्लीला मोदींच्या शपथविधीला आले, ऑक्टोबरमध्ये पुन्हा आले आणि त्या वेळी मुंबईलाही येऊन गेले. 2025 च्या जुलैत मालदीवच्या स्वातंत्र्याच्या साठाव्या वर्धापनदिनाला मोदी मालेमध्ये प्रमुख पाहुणे होते. बहिष्काराचे समर्थक म्हणतील, बघा, वठणीवर आले. त्यात तथ्य आहेच. पण त्याच 2024 मध्ये मालदीवला एकूण 20 लाखांहून जास्त पर्यटक आले आणि तो तिथला उच्चांक होता. आपल्या रिकाम्या खोल्या इतरांनी भरल्या. मुइझ्झूंना दिल्लीला आणलं ते बहुधा रिकाम्या खोल्यांपेक्षा रिकाम्या होत चाललेल्या परकीय चलनाच्या गंगाजळीने. ऑक्टोबरच्या भेटीत भारताने 40 कोटी डॉलरच्या चलन अदलाबदलीचा करार केला, तो याच अडचणीवर.

आणि मालदीवऐवजी ज्या लक्षद्वीपला जायला सगळे निघाले होते, तिथे जायला भारतीयांनाही परवाना लागतो. 36 बेटांपैकी वस्ती आहे ती दहांवर, आणि राहायच्या खोल्या मोजक्या. उत्साहाच्या भरात मालदीव रद्द केलेल्या किती जणांची सुट्टी शेवटी अलिबागला गेली, कोण जाणे.

मुळात राजकारण आपल्या सुट्टीत लुडबुड करायला आपली परवानगी मागतच नाही. 24 एप्रिल 2025 पासून पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, आणि इंडिगोला अल्माटी आणि ताश्कंदची उड्डाणं थांबवावी लागली. वळसा घालून तिथवर पोचणं त्या विमानांच्या आवाक्याबाहेर गेलं होतं. कैलास-मानसरोवरला जाऊ इच्छिणारे मराठी यात्रेकरू 2020 पासून वाट बघत होते. आधी कोविड आला आणि मग गलवानच्या चकमकीनंतर दिल्ली-बीजिंगचं बिनसलं. यात्रा 2025 च्या उन्हाळ्यात पुन्हा सुरू झाली आणि सोडत काढून 750 जणांची निवड झाली. उलटंही घडतं. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना एलटीसीवर विमानाने काश्मीरला जाण्याची सवलत 2010 मध्ये मिळाली आणि तिला वरचेवर मुदतवाढ मिळत गेली. खोऱ्यात पर्यटक यावेत हे सरकारचं राजकीय धोरण होतं. दल सरोवरात शिकाऱ्यात बसून फोटो काढणाऱ्या सायन-परळच्या केंद्र सरकारी कुटुंबाला आपण धोरणाचा भाग आहोत हे कधी सुचलंही नसेल.

एके काळी भारत सरकारने कुठे जायचं हा निर्णय नागरिकांच्या हातातच ठेवला नव्हता. भारतीय पासपोर्टवर 'दक्षिण आफ्रिकेसाठी वैध नाही' असा शेरा असे. वर्णद्वेषी राजवटीशी भारताने 1946 साली व्यापार तोडला. 1974 साली डेव्हिस कपच्या अंतिम फेरीत पोचूनही भारत दक्षिण आफ्रिकेशी खेळला नाही. सांघिक टेनिसमधला तो सर्वांत मोठा चषक समोर असताना सोडून दिला. संबंध पुन्हा जुळले ते 1993 च्या नोव्हेंबरात. आज मराठी टूर कंपन्यांच्या जाहिरातींत क्रूगर अभयारण्य आणि केपटाउन सर्रास दिसतं. ते पासपोर्टवरचा शेरा गेल्यानंतरचं. त्या बहिष्कारात एक गोष्ट वेगळी होती. तो दक्षिण आफ्रिकेतल्या पीडितांनीच मागितला होता. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे नेते अल्बर्ट लुथुली यांनी 1959 मध्ये जगाला तशी हाक दिली होती.

म्यानमारमधल्या मंडालेचा किस्सा मराठी माणसाला अधिक जवळचा. 22 जुलै 1908 रोजी मुंबईच्या हायकोर्टात लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि लालबाग-परळच्या गिरणी कामगारांनी वर्षाला एक दिवस या हिशेबाने सहा दिवस गिरण्या बंद पाडल्या. टिळकांनी 'गीतारहस्य' लिहिलं ते मंडालेच्या तुरुंगात. आणि मंडालेचा शेवटचा राजा थिबा इंग्रजांनी आणून ठेवला तो रत्नागिरीत. 1916 साली तो तिथेच वारला. 2012 मध्ये म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन त्याच्या समाधीवर फुलं वाहायला रत्नागिरीला आले होते. तेव्हा एखाद्या मराठी प्रवाशाला मंडाले बघावंसं वाटलं तर नवल नाही.

पण 1996 साली म्यानमारच्या लष्करी राजवटीने 'पर्यटन वर्ष' जाहीर केलं तेव्हा आंग सान सू ची यांनीच परदेशी प्रवाशांना येऊ नका असं सांगितलं. कारण साधं होतं. पर्यटकांसाठी मंडालेच्या राजवाड्याभोवतीचा खंदक साफ केला गेला, तो वेठबिगारीने. तुम्ही ज्या पाण्याचा फोटो काढणार, ते पाणी कैद्यांच्या आणि गावकऱ्यांच्या घामाने नितळ झालेलं होतं. तिथल्याच काही लोकांना मात्र हे पटत नव्हतं. छोट्या गेस्ट हाउसवाल्यांना आणि वाटाड्यांना प्रवासी हवे होते, आणि हा वाद पंधरा वर्षं चालला. 2010 नंतर सू ची यांच्या पक्षाने भूमिका बदलली आणि एकेकट्याने, स्थानिकांकडे राहणारे प्रवासी यावेत असं म्हटलं. 2021 च्या फेब्रुवारीत लष्कराने पुन्हा सत्ता घेतली, आणि 28 मार्च 2025 च्या भूकंपाने मंडालेच उद्ध्वस्त केलं. आता तिथे जायचं की नाही हा प्रश्न राजकारणाच्या आधी पाण्याचा झाला, हिंदमाताच्या पाण्यासारखा.

या सगळ्यांत एक फरक दिसतो. दक्षिण आफ्रिका आणि म्यानमारवरच्या बहिष्काराची हाक तिथल्या दडपलेल्या माणसांकडून आली होती. मालदीव आणि तुर्कस्तानच्या वेळी ती आपल्याकडून, आपल्या दुखावलेपणातून आली. रुसण्यात गैर काही नाही. आपल्या पैशाने कुणाकडे जावं आणि कुणाकडे नाही हे ठरवायला प्रत्येक जण मोकळा आहे. फक्त त्या रुसव्याला सत्याग्रह म्हणू नये, एवढंच. मालेतल्या विमानतळावर सामान उचलणाऱ्याला त्या उपमंत्र्यांची नावंही ठाऊक असतील-नसतील.

काश्मीरचं तर वेगळंच. पहलगामनंतर महाराष्ट्रातल्या कुटुंबांनी भराभर सहली रद्द केल्या. त्यात राग कमी होता आणि भीती जास्त. ती भीती कुणाला नावं ठेवण्यासारखी नव्हती. 29 एप्रिलला जम्मू-काश्मीर सरकारनेच 87 पैकी 48 पर्यटनस्थळं बंद केली. बैसरनमध्ये मारल्या गेलेल्या 26 जणांत एक स्थानिक घोडेवालाही होता. हल्ल्यानंतर पाचव्या दिवशी, 27 एप्रिलला, अभिनेते अतुल कुलकर्णी जवळजवळ रिकाम्या विमानाने श्रीनगरला गेले, पहलगामला पोचले आणि लोकांनी तिकिटं रद्द करू नयेत म्हणून सांगत राहिले. त्यांचं कौतुक झालं तसे त्यांच्यावर तुटून पडणारेही होते. ज्या घरांत माणूस गेला होता तिथे हे ऐकणं सोपं नव्हतं. मे महिन्याच्या अखेरीला मुख्यमंत्री ओमर अब्दुल्ला यांनी आपली मंत्रिमंडळाची बैठक मुद्दाम पहलगामलाच घेतली. इथे 'या' म्हणणारे तिथलेच लोक होते. घोडेवाले, शिकारावाले, हॉटेलातली पोरं. त्यांचं म्हणणं आणि सुरक्षा दलांचा इशारा, दोन्ही एकाच वेळी खरं होतं.

जूनच्या मध्याला 16 स्थळं पुन्हा उघडली. त्या पहिल्या यादीत बेताब व्हॅली होती आणि पहलगाम बाजाराजवळची उद्यानं होती. बैसरन नव्हतं.