तांब्याची तार आणि काचेचा धागा

आमच्या एका डॉक्टरमित्राचे छोटेसे प्रसूतिगृह आहे. त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून तिथे एक काळा टेलिफोन होता. पुढे काळ्याच्या जागी करडा आला, तबकडी जाऊन बटणे आली. पण भिंतीतून आत येणारी तांब्याच्या दोन तारांची जोडी मात्र तीच राहिली. एका पावसाळ्यात रस्ता खणताना ती तुटली. दुरुस्तीला आलेला माणूस म्हणाला, "डॉक्टर, आता तांब्याला हात लावण्यात अर्थ नाही. फायबर घ्या. नंबर तोच राहील." डॉक्टरांनी ते घेतले. आवाज स्वच्छ येऊ लागला, त्याच धाग्यावरून इंटरनेट मिळाले, वर खर्चही कमी झाला. सगळे कसे छान झाले!

आणि मग एका रात्री वीज गेली.

दवाखान्यात इन्व्हर्टर होता. दिवे लागले, पंखे फिरले. पण टेलिफोन मुका! फायबरची ती इवलीशी पेटी ज्या प्लगात खोचली होती, तो प्लग इन्व्हर्टरवर नव्हता, हे कुणाच्या ध्यानातच आले नव्हते. डॉक्टर आत एका बाळंतपणात गुंतलेले. त्याच वेळी दिवस भरलेल्या दुसऱ्या एका बाईचा नवरा केसपेपरावर छापलेला तेवढाच क्रमांक पुनःपुन्हा लावीत होता. अखेर तो तिला रिक्षात घालून तसाच दारात आला. देवाच्या दयेने बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर मला म्हणाले, "प्रोफेसर, आमचा फोन बिघडला असेल, तार तुटली असेल; पण वीज गेली म्हणून तो कधी बंद पडला नव्हता हो!"

या एका वाक्यात साऱ्या प्रश्नाचे मर्म आले. जुन्या टेलिफोनला घरातली वीज लागतच नसे. एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्यांची रांग मांडलेली असे, तिच्या पाठीशी जनित्र असे. आणि तिथून सुमारे 48 व्होल्टांचा दाब त्याच तारेतून आपल्या यंत्रापर्यंत येई. बोलणे आणि बोलण्याला लागणारे बळ एकाच वाटेने येत असे म्हणा ना! काचेचा धागा वाहतो तो प्रकाश. त्या प्रकाशातून पुन्हा आवाज घडविणारी पेटी आपल्या भिंतीवर असते आणि ती आपल्याच विजेवर चालते. म्हणजे वीज राखण्याची जी जबाबदारी पूर्वी एक्स्चेंजची होती, ती गुपचूप आपल्या अंगावर आली आहे.

मग तांबेच का ठेवू नये, असे कुणी विचारील. पण तांब्याने आपली चाकरी भरपूर केली. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे 28 जानेवारी 1882 रोजी टेलिफोन एक्स्चेंजे उघडली, तेव्हापासून त्याने किती सुखदुःखे वाहिली असतील! पण तांब्याची जोडणी पाण्याने खराब होते, मोडीच्या भावासाठी तार चोरीला जाते आणि जितके अंतर अधिक तितके तिच्यावरचे इंटरनेट मंद. जुन्या एक्स्चेंजांचे सुटे भाग मिळेनासे झाले आणि ती यंत्रे जाणणारे कारागीरही निवृत्त होत चालले. तेव्हा तांबे जाणार, यात वाद नाही. वाद आहे तो ते कसे जावे याविषयी.

या बाबतीत दोन परदेशी अनुभव फार बोलके आहेत. पहिला अमेरिकेचा. 2012 सालच्या ऑक्टोबरात सँडी नावाच्या वादळाने न्यूयॉर्कजवळच्या फायर आयलंड या बेटावरील तांब्याच्या तारांचा पार विध्वंस केला. त्या पुन्हा न घालता व्हेरिझॉन कंपनीने 2013 साली लोकांना बिनतारी पेट्या देऊ केल्या. बोलणे होत होते. पण दुकानांतली कार्डाने पैसे घेणारी यंत्रे, फॅक्स आणि चोरघंटा त्या पेटीवर चालेनात. लोकांनी सरकारी आयोगाकडे गाऱ्हाणी घातली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात कंपनीला बेटावर फायबर घालण्याचे जाहीर करावे लागले.

दुसरा अनुभव ब्रिटनचा. तिथे जुने टेलिफोनजाळे 2025 च्या अखेरीस मिटवायचे ठरले होते, आणि सप्टेंबर 2023 पासून त्यावरची नवी जोडणी विकणेही बंद झाले. पण एकाकी वृद्धांच्या गळ्यात एक बटण असते. ते दाबले की टेलिफोनवरून मदत येते. नव्या जोडणीवर ही बटणे काही ठिकाणी निकामी ठरली, गंभीर प्रसंग ओढवले. डिसेंबर 2023 मध्ये सरकारने कंपन्यांकडून अभिवचन घेतले की, अशा दुबळ्या माणसांची सुरक्षितता पटल्याखेरीज त्यांना सक्तीने नव्या जोडणीवर न्यायचे नाही. पुढे 2024 साली ती मुदतच 2027 च्या जानेवारीअखेरपर्यंत लांबविण्यात आली.

यातून आपल्यासारख्यांनी घ्यायचा धडा साधा आहे. दुकान असो, दवाखाना असो, छापखाना असो वा सोसायटीचे कार्यालय. तार बदलण्यापूर्वी त्या तारेवर काय काय लोंबकळते आहे, याची एकदा यादी करावी. लिफ्टमधली धोक्याची घंटा, तिजोरीची चोरघंटा, आगीची सूचना देणारे यंत्र, फॅक्स. यांतले एखादे तरी वर्षानुवर्षे त्या तारेवर मुकाट्याने बसलेले सापडते. प्रत्येकाच्या पुरवठादाराला विचारावे, "हे नव्या जोडणीवर चालेल का?" आणि तो "हो" म्हणाला, तरी आपल्यासमोर चालवून दाखवायला सांगावे. जुना क्रमांक राहील, हे लेखी घ्यावे. व्यापाऱ्याचा क्रमांक म्हणजे त्याची पाटीच असते. नवी जोडणी नीट चालते अशी खात्री होईपर्यंत जुनी तोडू नये. आणि पेटीला स्वतःची छोटी बॅटरी द्यावी, किंवा ती इन्व्हर्टरवर घ्यावी. फायबर तुटला तर बॅटरीही काय करणार? म्हणून गिऱ्हाइकापाशी आपला एक मोबाइल क्रमांकही असू द्यावा.

आमच्या डॉक्टरांनी हे सारे केले. केसपेपरावर आता दोन क्रमांक छापलेले आहेत. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ते स्वतः मुख्य बटण बंद करतात आणि कंपाउंडरला बाहेरून फोन लावायला सांगतात. वहिनी हसून म्हणतात, "सत्यनारायणाची पूजा चुकेल, पण यांची ही पूजा चुकायची नाही!" डॉक्टरही हसतात, पण घंटा खणखणेपर्यंत त्यांचा हात त्या बटणावरून हलत नाही.

वाचकहो, यंदा आकाशकंदील लावायला स्टुलावर चढाल, तेव्हा एक क्षण मुख्य बटण बंद करा आणि कोपऱ्यातल्या त्या पेटीकडे पाहा. तिच्यावरचा इवलासा हिरवा दिवा तेवत राहिला, तर उत्तमच. विझला, तर त्याची तजवीज दिवाळीतच करून टाका. अडल्यानडल्या वेळी कुणाची तरी हाक तुमच्यापर्यंत पोचणार आहे, ती त्याच दिव्याच्या भरवशावर!