मुलांसाठी गिनी पिग आणताय?

आमच्याकडे गिनी पिगची जोडी आहे. भाची पहिल्यांदा आली तेव्हा तिला ते लगेच उचलून घ्यायचे होते. दिले नाहीत. वरून झडप घालणारा हात म्हणजे त्यांच्या लेखी घारच! तिला जमिनीवर मांडी घालून बसवलं, हातात कोथिंबिरीची काडी दिली. बराच वेळ काहीच नाही. मग एक नाक थरथरत पुढे आलं आणि काडी सर्रकन आत ओढली गेली. "मामा, हा शिट्टी मारतोय!"

शिट्टी खरीच. फ्रिज उघडल्याचा आवाजही ते ओळखतात. खुशीत आले की जागच्या जागी टुणकन उडतात. मूळचे अँडीज पर्वतातले, त्यामुळे आपला एप्रिल-मे त्यांना सोसत नाही, उष्माघाताने दगावतात. माणसासारखंच त्यांचं शरीर क जीवनसत्त्व बनवत नाही, म्हणून रोज ढोबळी मिरचीचा तुकडा हवा. दात आयुष्यभर वाढतात, ते झिजायला वाळलेलं गवत सतत समोर पाहिजे. आणि एकटा ठेवू नका, कुढतो.

देशी पोपट किंवा तारा कासव मात्र मुलाने कितीही हट्ट केला तरी आणू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते पाळायला बंदी आहे.