अर्ज माझा एकटीचा

'ग्रीनकार्ड आहे ना तुझ्याकडे? मग आता पुन्हा कसला अर्ज?' सोलापूरला गेले की काकू हमखास विचारतात. तुमच्यापैकी कुणाची लेक, भाची अमेरिकेत असेल तर तुम्हालाही हा प्रश्न पडला असेल. ग्रीनकार्ड म्हणजे तिथं कायम राहायची, नोकरी करायची परवानगी. पासपोर्ट मात्र आपलाच, भारताचा. कार्ड मिळून पाच वर्षं झाली, की नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. नवरा अमेरिकन नागरिक असेल आणि त्याच्यासोबत राहत असाल, तर तीन वर्षांनी. पण करायलाच हवा असं नाही, आणि म्हणूनच ठरवायला इतका वेळ लागतो. मला कार्ड मिळालं २०१२ मध्ये आणि मी अर्ज केला २०२४ च्या उन्हाळ्यात!

तोवर माझं अमेरिकेतलं सगळं अस्तित्व यांच्या फायलीत होतं. २००१ साली लग्न होऊन न्यू जर्सीला आले ती 'डिपेंडंट' व्हिसावर. हातात एम.एस्सी.ची पदवी, पण नोकरीला परवानगी नाही. पुढे ग्रीनकार्डही यांच्या कंपनीनं यांच्यासाठी केलेल्या अर्जातून आलं, मी त्यात पत्नी म्हणून. नागरिकत्वाचं तसं नसतं. नवऱ्याच्या अर्जात बायको बसत नाही. आपला फॉर्म आपण भरायचा, मुलाखतही आपणच द्यायची. हे २०१८ मध्ये नागरिक झाले, तेव्हा म्हणाले, 'तुझाही भरून टाकतो.' मी म्हटलं, 'राहू दे, भरायचा तेव्हा माझा मी भरेन.'

फॉर्मचं नाव एन-४००. त्यात सुरुवातीलाच विचारतात, जन्मापासून वापरलेली सगळी नावं लिहा. पुरुषाला याला अर्धा मिनिट पुरतो. आपल्याला मैत्रिणींनो, वही घेऊन बसावं लागतं! शाळेच्या दाखल्यावर माझं पाळण्यातलं नाव, मधे वडिलांचं, मग माहेरचं आडनाव. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहिलेलं नवं नाव, मधे यांचं, मग सासरचं आडनाव. पदवीवर जुनं, पासपोर्टवर नवं. इथल्या बँकेत तर स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्तीचा. या सगळ्या बायका म्हणजे एकच बाई, हे सांगणारा कागद म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला. आमची नोंदणी झालेली होती म्हणून निभावलं. लेकीचं लग्न ठरलं असेल तर हॉलच्या आधी या दाखल्याची चौकशी करा, असं मी आता सगळ्यांना सांगते.

त्याच फॉर्ममध्ये आणखी एक प्रश्न असतो. बहुतेक जणी 'नाही' म्हणून पुढे जातात. 'तुम्हाला कायद्यानं नाव बदलून हवं आहे का?' मी दोन दिवस त्या प्रश्नापाशी थांबले. मग 'हो' म्हटलं आणि पाळण्यातलं नाव परत मागितलं. आडनाव सासरचंच ठेवलं, मुलांचंही तेच आहे. हे म्हणाले, 'चोवीस वर्षं कुणी तुला त्या नावानं हाक मारली नाही.' आई मारते की! असं नाव बदलायचं असलं की शपथविधी न्यायालयात न्यायाधीशांसमोर होतो, त्यामुळे कधी कधी जास्त थांबावं लागतं. मी थांबायला तयार होते.

खरा घाम काढला तो प्रवासाच्या यादीनं. पाच वर्षांत देशाबाहेर कधी गेलात, कधी परतलात, सगळ्या तारखा द्यायच्या. पाच वर्षांपैकी निदान तीस महिने अमेरिकेत राहिलेलं असावं लागतं. शिवाय एका खेपेत सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलात, तर तुमचं सलग वास्तव्य तुटलं असं ते धरून चालतात. तुटलं नाही, हे आपण पटवून द्यायचं. वर्षभर राहिलात तर बहुधा पुन्हा पहिल्यापासून मोजणी. माझ्या पासपोर्टवरचे शिक्के पुसट, काही तर नाहीतच. शेवटी वहिनी उपयोगी पडली. आमच्या आईला जुनी कालनिर्णय टाकवत नाहीत, खिळ्याला एकावर एक टांगलेली असतात. तिच्यावर दुधाचा हिशेब. एरवी अर्धा लिटर, मी आले की दीड! वहिनी फोनवर तारखा वाचत होती, मी लिहून घेत होते, नंतर विमानाच्या तिकिटांशी ताडून पाहिल्या. एका तारखेचाही फरक नाही.

त्यात २०२२ ची खेप मोठी होती. आईचं खुब्याचं ऑपरेशन झालेलं. १७४ व्या दिवशी मी निघाले, तेव्हा ती वॉकर धरून दारापर्यंत आली होती. 'आणखी दहा दिवस राहिलीस तर काय बिघडेल?' तिनं विचारलं. त्या दहा दिवसांत सहा महिन्यांची रेघ ओलांडली जात होती, हे मी तिला सांगितलं नाही, मुलांची शाळा पुढे केली. कालनिर्णयवर दुसऱ्या दिवसापासून पुन्हा अर्धा लिटर.

बाकी प्रश्नांत गंमतही आहे. कम्युनिस्ट पक्षाशी कधी संबंध होता का, असं विचारतात. माझे वडील गिरणीत, लाल बावट्याच्या युनियनमधले! पण प्रश्न माझ्यापुरता होता, म्हणून 'नाही'.

मुलाखतीत इंग्रजी वाचायला-लिहायला लावतात आणि इतिहास, राज्यघटना विचारतात. माझ्या वेळी शंभर प्रश्नांची यादी होती, त्यातले दहा विचारत आणि सहा बरोबर यावे लागत. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांना १२८ प्रश्नांची यादी आहे, वीसपर्यंत विचारतात, बारा बरोबर हवेत. पाठांतराची सवय असलेल्या आपल्या बायकांना अवघड नाही. वय पन्नास आणि ग्रीनकार्डला वीस वर्षं, किंवा पंचावन्न आणि पंधरा वर्षं असतील, तर इंग्रजीची परीक्षा माफ, दुभाषा नेऊन मराठीतून उत्तरं देता येतात. मुलाकडे राहायला आलेल्या कितीतरी आज्यांना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

मला अवघड गेली ती शपथ. दुसऱ्या कुठल्याही देशाशी असलेली निष्ठा सोडत आहे, असं त्यात मोठ्यानं म्हणायचं. भारत दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही, त्यामुळे भारतीय पासपोर्ट जमा करावा लागतो. रद्द केल्याचा शिक्का मारून तो परत देतात. मग 'ओसीआय' कार्ड काढायचं, म्हणजे आयुष्यभराचा व्हिसा. येता येतं, राहता येतं. मत देता येत नाही.

आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. एवढं ऐकून भावानं लगेच हक्कसोडपत्राचा विषय काढला. 'तू आता परदेशी, तुझं नाव कसं राहणार?' वडील गेल्यावर मोहोळकडची जमीन आई, तो आणि मी अशा तिघांच्या नावावर आली आहे. मी नियम वाचून काढले. विकत घेणं वेगळं, वारसानं आलेली जमीन ठेवणं वेगळं. ती ठेवता येते. उद्या विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी लागेल, इतकंच. नियमाचं पान छापून त्याला पाठवलं. सातबाऱ्यावर माझं नाव आहे, आणि ते पाळण्यातलंच आहे!