हिशेबातील तफावत आणि नवा ग्रह

ताळेबंद जुळत नसेल, तर फरकाची रक्कम किरकोळ आहे म्हणून मुरलेला व्यापारी स्वस्थ बसत नाही. चूक कोठे आहे ते कळेपर्यंत तो खातेवही तपासत राहतो. खगोलशास्त्राच्या इतिहासात अशाच एका लहानशा तफावतीने सूर्यमालेत एका ग्रहाची भर घातली.

इंग्लंडमधील बाथ येथे संगीताचा व्यवसाय करणाऱ्या विल्यम हर्शेल यांना १३ मार्च १७८१ रोजी स्वतः घडविलेल्या दुर्बिणीतून युरेनस दिसला. सूर्याभोवती एक प्रदक्षिणा घालण्यास या ग्रहाला ८४ वर्षे लागतात. परंतु गणिताने वर्तविलेल्या स्थानी तो पुढे सापडेना. गुरू व शनी यांचे आकर्षण जमेस धरूनही थोडा फरक उरतच होता. न्यूटनचा गुरुत्वाकर्षणाचा नियम इतक्या दूर लागू पडत नसावा, अशीही शंका काहींना आली.

पॅरिसचे गणितज्ञ उर्बाँ ल व्हेरिए यांनी निराळा तर्क केला. युरेनसच्या पलीकडचा एखादा अज्ञात ग्रह त्याला ओढत असेल, तर त्या ओढीवरून ग्रहाचे स्थान काढता आले पाहिजे. इंग्लंडमध्ये जॉन कूच अ‍ॅडम्स हेही स्वतंत्रपणे हेच गणित करीत होते. ल व्हेरिए यांचे पत्र २३ सप्टेंबर १८४६ रोजी बर्लिनच्या वेधशाळेत पोहोचले. त्याच रात्री योहान गाले दुर्बिणीतून दिसणारे तारे सांगत गेले आणि हाइन्रिख द'आरेस्ट ते नकाशाशी ताडून पाहत गेले. एक तारा नकाशात नव्हता. तोच नेपच्यून, वर्तविलेल्या स्थानापासून एका अंशाहूनही कमी अंतरावर! विशेष म्हणजे गॅलिलिओ यांना १६१२ मध्येच तो दिसला होता. परंतु त्यांनी त्याची नोंद तारा म्हणून केली होती.

पुढे बुधाच्या गतीतही तफावत आढळली. ल व्हेरिए यांनी पुन्हा एका अज्ञात ग्रहाची कल्पना केली; त्याला 'व्हल्कन' असे नावही मिळाले. तो मात्र कधीच सापडला नाही. १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांच्या गुरुत्वाकर्षणाच्या नव्या सिद्धांताने ती तफावत दूर केली. युरेनसच्या खात्यात एक नोंद राहून गेली होती; बुधाच्या बाबतीत हिशेबाची रीतच अपुरी होती.

२५ ऑगस्ट १९८९ रोजी 'व्हॉयेजर २' हे यान नेपच्यूनजवळून गेले. आधी कागदावर सापडलेल्या त्या ग्रहाची जवळून घेतलेली छायाचित्रे तेव्हा प्रथमच पृथ्वीवर आली. हे घडले, कारण उरलेला फरक कोणीतरी क्षुल्लक मानला नव्हता.