नाव आपले, चावी कोणाची?

बेंगळुरूच्या पूर्व भागातील मारतहळ्ळीत आउटर रिंग रोडवर बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या काचेच्या इमारती आहेत आणि त्यांना खेटूनच संगणक प्रशिक्षणाचे वर्ग, पेइंग गेस्टच्या खोल्या, कपड्यांची दुकाने आहेत. अशाच एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर एक तरुण दोन सहकाऱ्यांसह आसपासच्या दुकानदारांना आणि दवाखान्यांना संकेतस्थळे तयार करून देतो. ‘तुमच्या ग्राहकांची नावे नेमकी कोणाकडे नोंदलेली आहेत?’ असे मी त्याला विचारले. त्याने एका परिचित भारतीय ब्रँडचे नाव घेतले. त्या ब्रँडचा आजचा मालक कोण, हे मात्र त्याला सांगता आले नाही. दोष त्याचा नव्हे. त्या प्रश्नाचे उत्तर गेल्या पंचवीस वर्षांत अनेकदा बदलले आहे.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. खासगी सेवादात्यांना दार उघडले ते १९९८च्या अखेरीस. त्याच वर्षी डोमेन नावांचा जागतिक कारभार पाहणारी ‘आयकॅन’ ही ना-नफा संस्था कॅलिफोर्नियात स्थापन झाली, आणि त्याच वर्षी मुंबईत भाविन व दिव्यांक तुराखिया या भावांनी ‘डायरेक्टी’ सुरू केली. दोघांनी वयाची विशीही ओलांडलेली नव्हती; भांडवल होते वडिलांकडून घेतलेले पंचवीस हजार रुपये.

डायरेक्टीने ओळखलेली गोष्ट साधी होती. छोट्या दुकानदाराला संकेतस्थळ थेट विकणे महाग पडते. त्याच्या ओळखीचा संगणकवाला ते सहज विकू शकतो. ‘रिसेलरक्लब’ या सेवेने अशा हजारो विक्रेत्यांना घाऊक दरात डोमेन व होस्टिंग दिले. विक्रेता आपल्याच नावाने पावती फाडत असे. प्रत्यक्ष नोंदणी ‘पब्लिक डोमेन रजिस्ट्री’ या समूहातील कंपनीकडे होत असे. मारतहळ्ळीतला तरुण याच साखळीचा शेवटचा दुवा आहे.

२०१४च्या आरंभी हा व्यवसाय अमेरिकेच्या ‘एन्ड्युरन्स इंटरनॅशनल’ने विकत घेतला. २०२१मध्ये एन्ड्युरन्स ही एका गुंतवणूक कंपनीच्या ताब्यात गेली, ‘वेब डॉट कॉम’शी जोडली गेली आणि फ्लोरिडातील ‘न्यूफोल्ड डिजिटल’ जन्मास आली. मुंबईतच १९९८मध्ये शरद संघी यांनी उभारलेल्या ‘नेटमॅजिक’चे ७४ टक्के भाग २०१२मध्ये जपानच्या एनटीटीने घेतले. उद्योजकाने आपला उद्योग विकणे हा गुन्हा नव्हे. माझा प्रश्न वेगळा आहे : अशी कंपनी विकली जाते किंवा बुडते, तेव्हा तिच्याकडे नाव ठेवलेल्या ग्राहकाचे काय होते?

‘नेट फोर इंडिया’च्या प्रकरणाने याचे उत्तर दिले. दिल्ली परिसरातील ही जुनी कंपनी कर्ज थकल्याने मार्च २०१९मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे नादारीच्या प्रक्रियेत गेली. पुढे अनेक ग्राहकांना नावांचे नूतनीकरण करता येईना, दुसरीकडे हलवता येईना. ईमेल थांबले, संकेतस्थळे मिटली. फेब्रुवारी २०२१मध्ये आयकॅनने मान्यता रद्द करण्याची नोटीस दिली. न्यायाधिकरणातील गुंतागुंतीनंतर त्या कंपनीकडील ‘डॉट कॉम’सारखी नावे एकत्रितपणे हलवण्यात आली, ती पब्लिक डोमेन रजिस्ट्रीकडे. म्हणजे भारतीय ग्राहकांची सुटका झाली ती कॅलिफोर्नियातील संस्थेच्या निर्णयाने आणि मुंबईत जन्मलेल्या, पण मालकी अमेरिकेत गेलेल्या कंपनीमार्फत. भारतीय कायदा या सगळ्यात कुठे होता?

तो होता, पण कंपनीच्या बाजूने. नादारी व दिवाळखोरी संहितेच्या कलम १४नुसार आजारी कंपनीचा अत्यावश्यक पुरवठा तोडता येत नाही. नियमांत त्यासाठी वीज, पाणी, दूरसंचार आणि माहिती तंत्रज्ञान सेवा यांची नावे आहेत. मात्र त्याच कंपनीने आपल्या ग्राहकांना द्यावयाची माहिती तंत्रज्ञान सेवा चालू राहावी, अशी तरतूद नाही. घरखरेदीदारांच्या व्यथा पाहून संसदेने २०१८मध्ये त्यांना वित्तीय धनकोंचा दर्जा दिला. डोमेनधारकाला असा आवाज नाही. त्याची थकबाकी हजार रुपयांची असते, नुकसान मात्र पूर्ण धंद्याचे.

सरकारचे या क्षेत्राकडे लक्ष नाही, असेही नव्हे. ‘सर्ट-इन’ने २८ एप्रिल २०२२ रोजी डेटा सेंटर आणि क्लाउड कंपन्यांना ग्राहकांचा तपशील पाच वर्षे जपून ठेवण्याचा आदेश दिला. तपासासाठी ग्राहकाची माहिती जपायची, पण ग्राहकासाठी त्याचा स्वतःचा मजकूर जपण्याचे बंधन कोणावर नाही, हा विरोधाभास आहे.

उपाय अवघड नाहीत. आयकॅनच्या नियमांनुसार नोंदणीदारांची माहिती त्रयस्थाकडे ठेवावीच लागते. म्हणूनच कंपनी बुडाली तरी नावे वाचवता येतात. तसेच बंधन मोठ्या होस्टिंग कंपन्यांवर ईमेल व मजकुराच्या प्रतींसाठी घालावे. नादारीची प्रक्रिया सुरू होताच नाव हलवण्याचा संकेतांक ग्राहकाला ठरावीक दिवसांत देणे समाधान व्यावसायिकावर बंधनकारक करावे. मालकी बदलली तर ती ग्राहकाला त्याच्या भाषेत कळवावी. २०१४पासून आपण ‘.भारत’ हे नाव देवनागरीत नोंदवू शकतो. मग नोटीस देवनागरीत का मिळू नये?

निघताना मी त्या तरुणाला इतकेच सुचवले, की प्रत्येक नाव त्याच्या नव्हे, तर ग्राहकाच्या नावे नोंदलेले आहे का, हे एकदा तपासावे. त्याने लॅपटॉप उघडला. पहिल्या पाचपैकी तीन नावे त्याच्याच नावावर होती.