बोल्टावरची सही

बँकेच्या नोकरीत जन्मभर सह्या पडताळल्या. त्यामुळे जुन्या लष्करी जीपगाड्या दुरुस्त करणाऱ्या हौशी मंडळींच्या गप्पा मला चटकन उमगतात. तीही सहीच शोधत असतात.

दुसऱ्या महायुद्धात, १९४१ ते १९४५ या काळात, विलिस आणि फोर्ड या अमेरिकी कंपन्यांनी एकाच नमुन्याच्या सहा लाखांहून अधिक जीप बांधल्या. फोर्डने बोल्टांच्या माथ्यावरही ‘एफ’ हे अक्षर उठवले. आज फोर्डची जीप हाती आली, की ही मंडळी बोल्ट न् बोल्ट तपासतात. बिनअक्षरी निघाला तर तो काढून ‘एफ’वाल्यासाठी भंगारबाजार पालथा घालतात.

त्यांच्या चिकाटीचे कौतुक आहेच. पण दोन्ही गाड्यांचे भाग एकमेकींना बसावेत, ही तर सैन्याचीच अट होती. वर्कशॉपात हाताला येईल तो भाग बसवायचा आणि गाडी पुन्हा कामाला लावायची! म्हणजे एखादा परका बोल्ट हा तिच्या चाकरीचा दाखलाही असू शकतो. तो फेकला, की गाडी कारखान्यातून आल्यासारखी दिसेल खरी. पण तिचे सर्व्हिस बुक कोरे होईल. रंग द्या, इंजिन सुरू करा. तो बोल्ट मात्र राहू द्या.